एकाच पाकिटातल्या टिकल्या

१

आमच्या घरच्या महालक्ष्म्यांच्या डोळ्यांत बाहुल्या दरवर्षी मी भरते. भरते म्हणायचं आपलं, खरं म्हणजे चिकटवते. सासूबाई होत्या तोवर त्या घरीच काजळ पाडायच्या आणि करंगळीच्या टोकानं ज्येष्ठा-कनिष्ठा दोघींच्या डोळ्यांत काळे ठिपके द्यायच्या. हात असा बसलेला, की कंपासनं काढलेत असं वाटावं. त्या गेल्या आणि हे काम धाकट्या सुनेचं म्हणून माझ्या गळ्यात पडलं. पहिल्याच वर्षी माझ्या हातून कनिष्ठा तिरळी झाली. दुसऱ्या वर्षी मी सीताबर्डीवरून काळ्या गोल टिकल्यांचं पाकीट आणलं, आणि तेव्हापासून आमच्या लक्ष्म्या रेडिमेड नजरेनं जगाकडे बघतात.

"फिजिक्सची मास्तरीण ना वं तू," कामिनीताई तेव्हा पोट धरून हसल्या होत्या. "देवाले चालते तर मले काहून नाही चालणार?"

कामिनीताई माझ्या थोरल्या जाऊबाई. मनीषनगरमधल्या त्यांच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये महालक्ष्म्या बसतात आणि आदल्या दिवसापासून मी मुक्कामाला जाते. गिरिधरभाऊजींचं खाली चौकात औषधाचं दुकान आहे, त्यांची मुलगी भूमिका इंजिनीअरिंगला. माझे यजमान गेल्या वर्षी नेमके दौऱ्यावर होते, पण त्याचं मला फारसं काही वाटलं नाही. त्या घरात मला माझ्या माणसांची कमी कधीच पडली नाही. माझं बाळंतपण बिघडलं तेव्हा सगळे आळीपाळीनं घरी जाऊन झोपले. कामिनीताई मात्र रोज हॉस्पिटलच्या लाकडी बाकावरच झोपल्या. शुद्धीवर आले तेव्हा पहिला चेहरा त्यांचा दिसला. हे ऋण मी कधी बोलून दाखवलं नाही. तशी आमच्यात पद्धतच नाही.

२

गेल्या वर्षी आवाहनाच्या दिवशी सकाळी कामिनीताई आणि भूमिका पत्री आणायला गेल्या. सोळा प्रकारची पानं लागतात आणि ती बाजारातून विकत आणायची नाहीत, असा ताईंचा दंडक. मी घरात एकटी. मुखवटे पेटीतून काढले, मऊ फडक्यानं पुसले आणि नव्या पाकिटातल्या चार टिकल्या चार डोळ्यांत लावल्या.

मग दोन पावलं मागे सरून बघितलं. ज्येष्ठेच्या डाव्या डोळ्यातली टिकली मोठी होती.

फार नाही. पण चेहऱ्याचं असं असतं, की डोळ्यात थोडा जरी फरक असला तरी सगळ्यांत आधी तोच दिसतो. वाटलं, पाकिटात वेगळ्या मापाची एखादी आली असेल. काढली आणि उजव्या डोळ्यातल्या टिकलीवर ठेवून बघितली. कडेला कड मिळाली, केसाइतकाही फरक नाही. परत लावली. परत मोठी.

मी शिकवते तरी काय, तर प्रकाश. गडद पार्श्वभूमीवरचा ठिपका आणि फिकट पार्श्वभूमीवरचा ठिपका डोळ्याला सारखा दिसत नाही, हे मी वर्गात फळ्यावर काढून दाखवते. तेव्हा मी मुखवटा खिडकीपासून दूर नेला. पडदा ओढून पाहिलं, ट्यूबलाइट लावून पाहिलं. उजव्या डोळ्यातली टिकली डावीकडे आणि डावीकडची उजवीकडे अशी अदलाबदल केली. टिकली कुठलीही असो, डावीकडे गेली की मोठी व्हायची.

स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली आणि मी चक्क दचकले. "वैदेही, चष्म्याचा नंबर वाढला तुझा," असं मोठ्यानं म्हणाले. रिकाम्या घरात आपलाच आवाज ऐकायला बरा वाटतो. मग मुखवटे पाटावर ठेवले, आणि ज्येष्ठेचं तोंड जरा भिंतीकडे केलं.

३

ताई परतल्या त्या डोळा चोळतच. पत्रीची पिशवी माझ्या हातात दिली आणि सोफ्यावर टेकल्या.

"डोकं ठणकून राहिलं वं. उपासाचं पित्त चढलं असंन."

"दाखवा बरं डोळा." मी त्यांचं तोंड उजेडाकडे वळवलं.

डाव्या डोळ्यातली बाहुली मोठी होती. बुबुळाच्या मधला तो काळा ठिपका, उजवीकडे मुगाएवढा आणि डावीकडे वाटाण्याएवढा. ऊन सरळ तोंडावर येत होतं. उन्हात बाहुली लहान व्हायला हवी. उजवी झाली होती. डावी नुसती बघत होती.

मी पाटावरच्या मुखवट्याकडे बघायचं टाळलं.

भाऊजींना फोन करून बोलावलं. ते दुकानातून वर आले, मोबाइलचा टॉर्च लावून नीट बघितलं आणि पिशवीत हात घालून त्यांनी धोत्र्याचं पान बाहेर काढलं.

"हे तोडलं ना गं? आन् त्याच हातानं डोळा चोळला. धोत्र्याचा रस लागला का बाहुली मोठी होते. शंकराच्या देवळातले पुजारी येतात ना माझ्याकडे, शिवरात्रीले हीच तक्रार घेऊन येतात दरवर्षी. एकदोन दिवसांत उतरते आपोआप. डोळा धू आन् पडून राय."

भाऊजींचं बोलणं खरं होतं, असं आजही मी म्हणेन. डोळे तपासताना डॉक्टर जे थेंब घालतात, तेही ह्याच जातीचं औषध. पान होतं, चोळलेला डोळा होता, मोठी झालेली बाहुली होती. इतका नीट जुळणारा पुरावा मला माझ्या प्रयोगशाळेत कधी मिळाला नाही. माझा जीव भांड्यात पडला.

फक्त एकच गोष्ट त्या पुराव्यात बसत नव्हती. टिकली आधी मोठी झाली होती. तेव्हा ताई नुकत्या घराबाहेर पडल्या होत्या, धोत्र्यापर्यंत पोचल्याही नसतील.

पण हे बोलून मी काय सांगणार होते?

४

दुपारी लक्ष्म्या उभ्या राहिल्या. दारापासून पावलं काढली, ताईंनी ज्येष्ठा आणली, मी कनिष्ठा. नव्या साड्या, हात भरून हिरव्या बांगड्या. आमच्या घरचा नेम असा, की जिच्या हातानं ज्येष्ठा उभी राहिली तिनं दुसऱ्या दिवशीचं जेवण पार पडेपर्यंत घराचा उंबरा ओलांडायचा नाही. सासूबाईंनी तो पाळला आणि ताईंनी त्यांच्याहून कडक पाळला. एकदा खालच्या मजल्यावर आग लागली म्हणून सगळी बिल्डिंग मैदानात उतरली होती, तेव्हा ह्या बाई लक्ष्म्यांपुढे मांडी घालून बसून राहिल्या. आग कचऱ्याच्या डब्यातली निघाली, ही गोष्ट वेगळी.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून पुरणाचा वास, सोळा भाज्यांची चिराचिरी, आंबिलीचं पातेलं. ताई उठल्या होत्या, कामाला लागल्या होत्या, पण बोलत नव्हत्या. मध्येच ओट्याला धरून उभ्या राहायच्या.

"ताई, डोकं कसं आहे?"

"आहे तसंच. डोळ्याच्या मागे कोणी खिळा ठोकून राहिलं असं वाटते. आजचा दिवस जाऊ दे."

मी पुरण वाटत होते. तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून बांगड्या वाजल्या.

काचेच्या बांगड्यांचा तो आवाज बाईमाणसाला ओळखावा लागत नाही. कोणीतरी हात खाली-वर केला की होतो तसा. भूमिका माझ्या शेजारीच वाट्या पुसत होती. मी बाहेर डोकावले. खोलीत कोणी नव्हतं. समया मालवू नयेत म्हणून पंखा सकाळपासून बंद होता. दोघी आपापल्या जागी उभ्या, हात समोर, बांगड्या स्थिर. रस्त्यावरून ट्रक गेला असेल, असं मी स्वतःला सांगितलं. मनीषनगरमध्ये ट्रक जातच असतात.

पण बाहेर आलेच होते, तेव्हा नजर गेलीच. ज्येष्ठेच्या डाव्या डोळ्यातल्या टिकलीचा वरचा अर्धा भाग दिसत नव्हता.

मुखवट्याला पापणी नसते. नुसती तपकिरी रंगाची एक रेघ असते, कधीकाळी रंगवलेली. ती रेघ खाली आली होती. मुकुटाची सावली असेल म्हणून मी एका बाजूला सरकले. सावली सरकली, रेघ सरकली नाही. उजवा डोळा सताड उघडा आणि डावा अर्धा मिटलेला, असा तो चेहरा माझ्याकडे बघत होता. त्यात राग नव्हता की कोप नव्हता. सांगून सांगून दमलेल्या माणसाचा चेहरा असतो ना, तसा तो होता.

आदल्या वर्षी तो कसा होता हे बघावं म्हणून मी मोबाइलमधला जुना फोटो काढला. लक्ष्म्यांच्या पुढे ताई उभ्या होत्या, हातात ताट, तोंडभर हसू. फोटो मोठा केला. ज्येष्ठेच्या डोळ्यांवर जायच्या ऐवजी माझं बोट ताईंच्या डोळ्यांवर गेलं. दोन्ही बाहुल्या सारख्या होत्या, दोन्ही पापण्या पूर्ण उघड्या.

५

आरतीला आम्ही चौघंच होतो. सवाष्णी अजून यायच्या होत्या. ताई लक्ष्म्यांपुढे, मी त्यांच्या मागे. माझ्या पाठीशी फक्त भिंत, आणि भिंतीवर भाऊजींच्या दुकानाचं कॅलेंडर.

आरती संपली आणि ज्योत द्यायला ताई आमच्याकडे वळल्या. त्यांची डावी पापणी अर्ध्यावर उतरली होती.

मी काही बोलणार एवढ्यात त्यांनी माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं. उजवा डोळा ताणून पाहिलं.

"वैदेही, तुझ्या मागे कोण उभी आहे वं?"

मी मागे वळले. भिंत. कॅलेंडर.

"कोणी नाही, ताई."

"आहे ना. पदर घेऊन उभी आहे." त्यांचा आवाज अगदी साधा होता, शेजारीण आली का असं विचारावं तसा. मग ताट तिरकं झालं, भूमिकानं धरलं. ताई खाली बसल्या आणि त्यांना ओकारी आली.

"उपास," भाऊजी म्हणाले. "लिंबूपाणी आण गं भूमिका. पुरणाचा घास पोटात गेला का बरं वाटते."

"हॉस्पिटलात नेऊ," मी म्हणाले. पण पुटपुटल्यासारखंच. ताईंनी मान हलवली होती. "जेवण होऊ दे. उंबरा नाही ओलांडत मी. अवघा तासाभराचा तर प्रश्न आहे." वीस वर्षांत मी त्या बाईचा शब्द कधी मोडला नव्हता. समोर ताटं मांडलेली, सोळा भाज्या वाढलेल्या, दोन लक्ष्म्या उभ्या. पुढचं तोंडाशी आलेलं मी गिळलं.

आणि माझ्या पाठीवर हात पडला.

दोन्ही खांद्यांच्या मधोमध. जोरात नाही. लहान मुलाला शाळेच्या दारातून आत सोडताना देतात तेवढाच धक्का. पण मी त्या धक्क्यानं एक पाऊल पुढे गेले, आणि पाऊल पुढे गेल्यावर आवाजही आला.

"भाऊजी, गाडी काढा. आत्ता. धोत्र्यानं पापणी पडत नाही."

"अगं पण नेम..."

"नेम मी मोडते. पाप लागलं तर मले लागू दे. भूमिका, आईले तिकडून धर."

ताईंनी दाराची चौकट घट्ट पकडली. मी एकेक बोट सोडवलं. त्या रडत होत्या, मीही रडत होते, आणि उंबऱ्यावरची रांगोळी आमच्या पायांखाली फिसकटली.

६

धंतोलीतल्या हॉस्पिटलात डॉक्टरबाईंनी डोळ्यांवर टॉर्च मारला, आणि त्यांचं इकडचं-तिकडचं बोलणं एका क्षणात थांबलं.

"जुना फोटो आहे का ह्यांचा?"

माझ्या हातात तो उघडाच होता.

मेंदूतल्या एका रक्तवाहिनीला फुगा आला होता. तो डोळ्याच्या नसेवर दाबत होता, म्हणून बाहुली मोठी, पापणी खाली आणि समोरच्या एकाचे दोन दिसणं. अजून फुटला नव्हता. "तासाभरानं आणलं असतं तर काय झालं असतं ते मला सांगता येणार नाही," बाई म्हणाल्या, "आणि तुम्ही विचारूही नका." मांडीच्या धमनीतून बारीक तार वर नेऊन त्यांनी तो फुगा आतून बंद केला. आम्ही बाहेर बाकावर होतो. ह्या वेळी बाकावर मी होते.

भाऊजी खचले होते. "माझ्या डोळ्यांसमोर धोत्रा होता, डॉक्टर," एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते.

"बरोबरच होतं तुमचं," बाई त्यांच्या शेजारी बसत म्हणाल्या. "धोत्र्यानं बाहुली मोठी होते. पुष्कळांच्या तर जन्मापासूनच लहान-मोठ्या असतात, जुने फोटो पाहिले की कळतं, त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. पण फरक नव्यानं दिसला तर एकदा डॉक्टरला दाखवायचाच. आणि सोबत डोकं दुखत असेल, पापणी उतरली असेल, दोन-दोन दिसत असेल, उलटी होत असेल, मान आखडली असेल किंवा डोक्याला मार लागलेला असेल, तर कारण शोधत घरी बसायचं नाही. त्याच पावली निघायचं. तुम्ही निघालात ना. झालं तर मग."

झालं तर मग! त्या तीन शब्दांसाठी मी त्या बाईंच्या पाया पडायला निघाले होते. डॉक्टरबाईंचे, टॉर्चचे, गाडीचे, वाटेतल्या हिरव्या सिग्नलांचे, सगळ्यांचे मी मनातल्या मनात आभार मानत सुटले होते. आभार मानायला माणूस समोर असावंच लागतं असं नाही, हे मला तेव्हा कळलं.

संध्याकाळी कपडे बदलायला घरी गेले. लक्ष्म्या उभ्या होत्या. समया विझून गेलेल्या, ताटं तशीच. मी ज्येष्ठेजवळ गेले. चारही टिकल्या सारख्या होत्या. रेघ जागेवर होती. मी बराच वेळ बघितलं, काही बदललं नाही. मग माझ्या अंगावरची साडी सोडली आणि घडी घालायला घेतली, तेव्हा लिंबाच्या रंगाच्या त्या रेशमावर, पाठीवर येतो त्या भागात, एक काळा डाग दिसला. करंगळीच्या टोकाएवढा.

गाडीच्या सीटचं ग्रीस असेल. कढईचं काळं असेल. बोटानं पुसलं तर पसरलं, मऊ आणि तुपकट. त्या घरात काजळ पाडून कित्येक वर्षं झाली होती.

७

ताईंची पापणी हळूहळू वर आली. बाहुली अजूनही किंचित मोठी आहे. तीही कमी होईल, आणि नाही झाली तरी कामिनीताई आहेत, हे मला पुरेसं आहे. दिवाळीनंतर एकदा आम्ही दोघी त्यांच्या बाल्कनीत तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो.

"दोन-दोन दिसायचं तेव्हा कसं वाटायचं हो ताई?" मी विचारलं.

"घाबरवून सोडलं होतं बाई त्यानं. आरतीच्या वेळेला लक्ष्म्या चार. समया दुप्पट. हे दोन, भूमिका दोन, तूही दोन. कोणत्या वैदेहीले ज्योत देऊ कळून नाही राहिलं."

"आणि माझ्या मागे ती पदर घेतलेली बाई दिसली, तीसुद्धा मीच. दोन-दोन दिसल्यामुळं तसं झालं." इतके दिवस हे कारण मी जपून ठेवलं होतं, ते मोठ्या हौशीनं पुढे केलं.

ताईंचा हात शेंगेवर थांबला.

"नाही वं. तू दोन दिसून राहिली होती म्हटलं ना. त्या दोघींच्या मागे ती. सगळंच दोन होतं, घरातली एकेक वस्तू दोन होती. तीच तेवढी एक होती."

मी प्रकाश शिकवते. दोन डोळ्यांच्या नजरा एकमेकींपासून फाकल्या की डोळ्यापुढं जे जे आहे ते ते दोन दिसतं. एकालाही सूट मिळत नाही. मी हे सगळं मनात उभं-आडवं करून पाहिलं आणि सोलायची शेंग तशीच हातात राहिली.

"चेहरा दिसला?"

"पदर होता ना. हात दिसला. तुझ्या पाठीवर ठेवला होता." ताईंनी पुढची शेंग उचलली. "भीती नाही वाटली मले. उलट मनात आलं, चला, कोणी आहे हिच्या पाठीशी."

यंदा मी टिकल्यांचं पाकीट आणलं नाही. समईवर तांब्याची ताटली पालथी घातली, काजळ पाडलं, करंगळीनं भरलं. कनिष्ठा जराशी तिरळी झाली आहे. भूमिका हसली, ताई हसल्या. जेवणाच्या दिवशी ताईंनी लक्ष्म्यांसमोर दोन पानं वाढली आणि मी त्या पानांशेजारी तिसरं मांडलं. ताईंनी त्याच्याकडे पाहिलं, त्यावर आधी पुरण वाढलं आणि मग तुपाची धार सोडली.

आरतीला मी गेल्या वर्षीच्याच जागी उभी राहिले. फक्त भिंतीपासून जरा पुढे, मागे एक माणूस मावेल एवढी जागा सोडून.